कुठे उतरलात?

रिसेप्शनवरच्या मुलानं माझं आधार कार्ड पुढून-मागून पाहिलं, त्याचा फोटो काढला आणि म्हणाला, "आंटीजी, बेड बारह बजे मिलेगा." घड्याळात सव्वादहा झाले होते. पहाटे पोचणारी महानगरी एक्स्प्रेस धुक्यात अडकून पाच तास उशिरा आली होती. एक रात्र, एक अख्खा दिवस आणि पुन्हा एक रात्र गाडीत काढून माझं अंग आंबून गेलं होतं. पण काळजात चर्र झालं ते त्याच्या 'बेड' या शब्दानं. तसं मला ठाऊक होतं. भाच्यानं पुण्यात बसून चार वेळा समजावून सांगितलं होतं. तरी तो शब्द समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकला आणि हातपाय गार पडले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, परक्या गावात, माझ्या नावावर एक खाट होती आणि तीही अजून रिकामी झाली नव्हती.

मुलानं जाडजूड रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, वय, कुठून आलात, पुढे कुठे जाणार, येण्याचं कारण. शेवटच्या रकान्याशी माझं पेन अडलेलं बघून त्यानंच सुचवलं, "दर्शन लिखिए, सब वही लिखते हैं." मी दर्शन लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

खटाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. संत एकनाथ आले की फळ्यावर माझी एक ओळ ठरलेली असे : एकनाथी भागवत, शके १४९५, इ.स. १५७३, कार्तिकी पौर्णिमेला काशीत पूर्ण. ग्रंथाच्या शेवटी नाथांनी स्वतःच सांगून ठेवलंय की पहिले पाच अध्याय पैठणला झाले आणि पुढचा सगळा ग्रंथ काशीत. एकूण अध्याय एकतीस, ओव्या अठरा हजारांवर. म्हणजे सव्वीस अध्याय त्यांनी घर सोडून, गोदाकाठ सोडून, इथे गंगेच्या काठी लिहिले. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "बाई, मग नाथ तिथं राहायचे कुठं?" तास संपत आला होता. "मठात," असं म्हणून मी पुढच्या ओळीकडे वळले. त्या मुलाचा चेहरा आता आठवत नाही. मे महिन्यात निवृत्त झाले, दुपारी रिकाम्या मिळायला लागल्या, तेव्हा प्रश्न मात्र परत आला आणि मनात ठाण मांडून बसला. माणूस एवढा मोठा ग्रंथ लिहितो, तेव्हा तो रात्री कुठे अंग टाकतो, पहाटे कुणाच्या आधी उठतो, त्याची बोरू-दौत कुठल्या कोनाड्यात असते, हे मी एकतीस वर्षांत स्वतःलाही विचारलं नव्हतं.

ह्यांचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्यांना काशीच्या पायऱ्या झेपण्यासारख्या नव्हत्या. "तू जाऊन ये," म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. राहिला प्रश्न पैशाचा. माझी पेन्शनची फाइल अजून टेबलांवरून फिरत होती, आणि घाटाजवळच्या बऱ्या हॉटेलात पाच रात्री म्हणजे हिशेब हाताबाहेर जाणार. भाचा म्हणाला, "मावशी, हॉस्टेलमध्ये राहा, रात्रीचे साडेचारशे." माझ्या डोळ्यांपुढे हॉस्टेल म्हणजे वसतिगृह, रेक्टरबाई आणि मेसमधली पातळ आमटी. त्यानं समजावलं, की हे प्रवाशांचं असतं, एका खोलीत सहा-आठ जण, प्रत्येकाला एक बेड आणि एक लॉकर. काही ठिकाणी पंचेचाळिशीच्या पुढच्यांना घेत नाहीत, म्हणून त्यानं आधी फोन करून माझं वय सांगितलं होतं. इथे तशी अट नव्हती. मी हो म्हटलं. कशाला हो म्हणतेय याचा अंदाज नव्हता.

बंगाली टोल्याच्या गल्लीत, बाहेरून कुणाच्या लक्षातही येणार नाही अशा दारामागे ती जुनी हवेली होती. मधे फरसबंद चौक, वर तीन मजले, चारी बाजूंनी दगडी सज्जे. भिंती इतक्या जाड की बाहेरच्या मोटारसायकलींचे हॉर्न आत आल्याबरोबर मऊ होऊन जायचे. ज्या कोनाड्यांत एके काळी पणत्या ठेवत असतील, त्यांत आता प्लगपॉइंट बसवले होते आणि एकेका कोनाड्यात चार-चार मोबाइल चार्जिंगला लावलेले. मी चौकातल्या बाकावर बॅग पायांशी धरून बाराची वाट बघत बसले. येणारे-जाणारे बूट काढून रॅकवर ठेवत, कुणीतरी हसून मान हलवी, कुणी हलवत नसे. कुणीही विचारलं नाही की तुम्ही एकट्याच आलात का. गाडीत हा प्रश्न मला सहा वेळा विचारला गेला होता.

बाराला खोली उघडली, आणि घोळ लक्षात आला. भाच्यानं बुकिंग करताना सर्वांत स्वस्त ओळीवर बोट ठेवलं होतं आणि ती ओळ होती मिक्स डॉर्मची. आठ बेड, दोन मजली चार पलंग, बायका-पुरुष एकत्र. माझ्या वाट्याला वरचा बेड. मी दारातच उभी राहिले. समोरच्या खालच्या बेडवर दाढीवाला एक परदेशी तरुण पाय पसरून पुस्तक वाचत होता. त्यानं पाय जवळ घेतले, पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मी तशीच खाली गेले. बायकांची खोली आज भरली आहे, उद्या सकाळी एक बेड रिकामा होईल, असं त्या मुलानं सांगितलं. चेहऱ्यावरून त्याला माझी अडचण कळली असावी. "आंटीजी, परदा है हर बेड पर. कोई दिक्कत नहीं होगी," एवढंच म्हणाला. ह्यांना फोन केला. "पोचलीस का? खोली बरी आहे ना?" "बरी आहे," मी म्हणाले. पहिल्यांदाच ह्यांच्यापासून काहीतरी लपवलं आणि ते दिवसभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी सगळं सांगून टाकलं, तेव्हा ते फक्त म्हणाले, "झोप लागली का?"

खालच्या बेडवर केरळचा एक विद्यार्थी होता. शिडीकडे बघणारी मी दिसल्यावर त्यानं काही न बोलता आपली चादर-उशी उचलली आणि वर फेकली. "आंटी, आप नीचे लीजिए." एवढंच त्याचं हिंदी असावं. मी धन्यवाद म्हणेपर्यंत तो वर चढूनही गेला होता.

आता तसला बेड कसा असतो ते सांगते, कारण पाच दिवस माझं घर तेवढंच होतं. साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद. तिन्ही बाजूंना लाकडी फळ्या, चौथ्या बाजूला जाड निळा पडदा. उशाशी मनगटाएवढा दिवा, त्याखाली प्लग, त्याखाली चष्मा आणि पाण्याची बाटली मावेल एवढी फळी. थंडीसाठी जड रजई. पलंगाखाली चाकांवरचा लोखंडी पेटारा, तोच लॉकर. कुलूप आपलं आपण आणायचं. मला ते माहीत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी हार्डवेअरचं दुकान होतं, तिथून ऐंशी रुपयांचं पितळी कुलूप आणलं. दाबलं की खट्कन बसायचं. पेटाऱ्यात सगळं ठेवलं, पर्स, फोन, गोळ्यांचा डबा, आणि कुलूप दाबलं.

रात्री दहाला रक्तदाबाची गोळी घ्यायला उठले आणि चावी शोधू लागले. ओढणीच्या टोकाला नाही, उशीखाली नाही, फळीवर नाही. मग कळलं. चावी पर्समध्ये होती आणि पर्स पेटाऱ्यात.

त्या अंधाऱ्या खोलीत मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. सात पडदे ओढलेले. एकामागून मोबाइलचा निळा उजेड, एकामागून संथ घोरणं. घरी असते तर हाक मारली असती. इथे हाक मारायला कुणाचं नाव माहीत नव्हतं. फोनही आत. गोळी चुकली की मला काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि मी जिन्यावर हात टेकत टेकत खाली उतरले. तो मुलगा सोफ्यावर कानटोपी घालून झोपला होता. दोनदा हाका मारल्यावर उठला, ऐकून घेतलं, आणि काउंटरखालून लांब दांड्यांचा कटर काढला. वाटेत म्हणाला, "माताजी, हफ्ते में एक-दो तो कटते ही हैं." आंटीजीची मी माताजी झाले होते.

खोलीत दिवा न लावता काम करायचं त्यानं ठरवलं होतं, पण कटरच्या आवाजानं पडदे एकेक करून सरकले. मला वाटलं, आता कुणीतरी चिडणार. केरळचा मुलगा वरून उतरला आणि त्यानं मोबाइलचा टॉर्च कुलपावर धरला. दाढीवाल्यानं आपली पाण्याची बाटली पुढे केली. कटरच्या दोन दांड्या एकमेकींना भेटल्या, आणि पितळी कडी मध्येच तुटून फरशीवर पडली. मी थरथरत्या हातानं गोळी घेतली. लोक परत आपापल्या पडद्यांआड गेले, जसं काही झालंच नव्हतं. सकाळी काउंटरवर मला पत्र्याचा एक डबा दिसला, त्यात तुटलेली कुलपं होती, वीस-पंचवीस तरी. माझं सगळ्यांत वर.

दुसरं कुलूप मी असं घेतलं की चावी फिरवल्याशिवाय ते बंदच होणार नाही, आणि चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. माहेरी किल्ल्यांचा जुडगा आईच्या कमरेला असायचा, सासरी सासूबाईंच्या. त्या गेल्यावर तो कपाटाच्या खिळ्याला गेला, कारण तोपर्यंत घरात कुलूप लावण्यासारखं काही राहिलं नव्हतं. एकट्या माझी अशी ही पहिली चावी. दिवसभर ती छातीवर हलत राहायची आणि मधूनच मी ती चाचपून बघायची.

सकाळी बायकांच्या खोलीत जागा मिळाली. सहा बेड. एक कोलकात्याच्या, माझ्याच वयाच्या, निवृत्त नर्स. दोघी मुली गुवाहाटीच्या, बनारस हिंदू विद्यापीठात मुलाखतीला आलेल्या. एक जर्मन मुलगी, शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण पुरं करून भटकायला निघालेली. सहाव्या बेडवरची रोज बदलायची. कोलकात्याच्या दीदींनी माझा ताबा घेतला. त्या वर्षातून दोनदा अशाच फिरतात, हॉस्टेलातच उतरतात आणि त्यांना सगळं माहीत असतं. पहिल्याच पहाटे मी सवयीनं पाचला उठले, अंघोळीचे कपडे काढायला प्लास्टिकची पिशवी उघडली, आणि त्या शांततेत तिची खसखस इतकी मोठी झाली की दोन पडदे हलले. नंतर चहा पिताना दीदींनी समजावलं. सकाळी लागणारं सगळं रात्रीच काढून उशाशी ठेवायचं. प्लास्टिकची पिशवी डॉर्ममध्ये आणायचीच नाही, कापडी आणायची. गजर फोन थरथरण्यावर ठेवायचा. अंघोळीला पंधरा मिनिटांच्या वर नाही, कारण गीझरचं पाणी बादलीनं मोजलेलं. ओला टॉवेल दुसऱ्याच्या शिडीवर टाकायचा नाही. मी घरात पस्तीस वर्षं सगळ्यांच्या आधी उठले, पण उठताना आवाज होतो का याचा विचार कधी करावा लागला नव्हता. भांड्यांच्या आवाजावर घर जागं व्हायचं, ते चालायचंही. इथे मला नव्यानं उठायला शिकावं लागलं. दीदी स्वतः मात्र रात्री असं घोरत की पलंग हादरे. त्याला इलाज म्हणून त्यांनीच मला कापसाचे बोळे दिले.

गच्चीवर सगळ्या बाजूंनी आणि डोक्यावरही लोखंडी जाळी होती, माकडांसाठी. बनारसच्या जुन्या वस्तीत अशाच गच्च्या दिसतात : माणसं जाळीच्या आत आणि माकडं बाहेर मोकळी. संध्याकाळी तिथे सगळे जमत. मी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे काढले, तेव्हा जर्मन मुलीनं चटणी नुसती चमच्यानं खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागितली. मी शिक्षिका होते हे कळल्यावर ती माझ्या शेजारी सरकली. तुम्हाला माहीत आहे का, म्हणाली, ही हॉस्टेलची कल्पनाच एका शिक्षकाची आहे. रिचर्ड शिरमान त्याचं नाव. १९०९ मध्ये तो वर्गातली मुलं घेऊन पायी सहलीला निघाला होता, वाटेत वादळानं गाठलं आणि एका खेडेगावातल्या शाळेत त्यांना आसरा मिळाला. बाकं बाजूला सारली, गवत पसरलं, मुलं झोपली. तो मात्र रात्रभर जागा होता, आणि त्याच्या मनात आलं की सुट्टीत सगळ्या शाळा रिकाम्याच असतात, मग गावोगावी मुलांना अशी उतरायची सोय का करू नये? १९१२ मध्ये आल्टेना गावातल्या जुन्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल सुरू झालं, आणि ते दाखवायला आपल्याला आपल्या बाईंनी नेलं होतं, असं ती म्हणाली. इंग्रजी तिचंही शिकलेलं, माझंही शिकलेलं, त्यामुळे आम्ही सावकाश बोलत होतो आणि एकमेकींना नीट कळत होतो.

मला सहलींच्या रात्री आठवल्या. प्रतापगडाच्या पायथ्याच्या शाळेत सतरंज्या अंथरून साठ मुली झोपलेल्या, मी दाराशी आडवी, आणि कुणाला रात्री बाहेर जायचं असेल तर माझ्या अंगावरून जावं लागावं अशी माझी जागा. त्या रात्रींना मी कधी राहणं म्हटलं नाही. ती जबाबदारी होती. इथे मी कुणाच्या दाराशी आडवी नव्हते.

चौथ्या दिवशी पहाटे, उशाशी काढून ठेवलेले कपडे घालून, कुणालाही जाग न आणता मी बाहेर पडले. घाटावर धुकं इतकं दाट होतं की पलीकडचं वाळवंट नव्हतंच. इथे गंगा उत्तरेकडे वाहते आणि शहर सगळं पश्चिमेच्या काठावर आहे, समोर मोकळी वाळू, त्यामुळे सूर्य थेट पाण्यातून उगवल्यासारखा दिसतो. त्या दिवशी तो नुसताच एक पिवळा डाग होता. थंडीत उत्तरेकडून दूरवरून येणारे पांढरे कुरव पक्षी पाण्यावर थव्यानं उतरत होते आणि नाववाले त्यांना शेव टाकत होते. दशाश्वमेधची आरती मी आदल्या संध्याकाळी गर्दीत उभं राहून पाहिली होती. तिच्यापेक्षा हा पहाटेचा घाट मला जवळचा वाटला. घाटाघाटानं उत्तरेला चालत गेले. मानमंदिर, ललिता, मग मणिकर्णिका.

नाथांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी जागेचा पत्ता दिलाय : आनंदवन म्हणजे काशी, मणिकर्णिकेचा तीर, तिथलं पंचमुद्रा पीठ. मणिकर्णिकेवर चिता जळत होत्या, लाकडाच्या राशी रचलेल्या होत्या, तराजू होता. मी जरा पुढे जाऊन शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर टेकले. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला हा घाट. कडेला रत्नेश्वर महादेवाचं देऊळ एका अंगाला कललेलं, खालचा भाग गाळात. तिथे बसून मी त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न केला. पीठ म्हणजे मठच. तिथे नाथ एकटे थोडेच असणार. देशोदेशीचे संन्यासी, विद्यार्थी, यात्रेकरू, कुणी तेलंगी बोलणारा, कुणी मैथिली, कुणी नुसता आडवा होऊन घोरणारा. त्यांच्यातच कुठेतरी एका भिंतीशी नाथांची पथारी. ब्राह्ममुहूर्ताला त्यांना उठायचं असेल, तर शेजारच्याची झोप न मोडता उठायचं असेल. लिहिलेली पानं कुठल्यातरी फडक्यात गुंडाळून उशाशी घेतली असतील. भूतदयेचे त्यांचे प्रसंग मी वर्गात रंगवून सांगत असे, गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली तो तर दरवर्षी. पण दहा परक्या माणसांत राहून रोज लिहीत राहणं हे मला तो ऐंशी रुपयांचा घोळ होईपर्यंत डोळ्यांपुढे आणता आलं नव्हतं. माझ्यापाशी त्याला पुरावा नाही, कुठल्या पोथीत ते लिहिलेलं नाही. तरी त्या पायरीवर बसून मला ते खरं वाटलं, आणि अजून वाटतं.

तिथून पुढे मराठी मुलूखच लागतो. भोसले घाट नागपूरकरांचा. पंचगंगेवर अहिल्याबाईंनी बांधलेला हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ. विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० मध्ये त्यांनी बांधलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण या स्तंभाच्या एकेका दगडी हातावर पणती ठेवायला जी जागा कोरलीय, ती मी बोटानं चाचपून पाहिली. वर बिंदुमाधवाचं देऊळ, आमच्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. मूळ देवळाच्या जागी औरंगजेबाची मशीद उभी आहे आणि देव शेजारच्या घरवजा इमारतीत. औंधची यमाई माझ्या माहेरची कुलदेवता. पाचव्या-सहाव्या पायरीवर मला भरून आलं आणि मी ते येऊ दिलं.

ब्रह्माघाटाच्या गल्लीत एका उंबऱ्यावर ऊन खात नऊवारीतल्या आजी बसल्या होत्या. मी हात जोडले आणि मराठीत विचारलं, वर जायला वाट कुठून. त्यांनी वाट सांगितलीच नाही. मला शेजारी बसवलं. "कुठल्या तुम्ही? सातारच्या? मग कुठे उतरलात?"

हा प्रश्न मी कितीतरी वर्षांनी ऐकला. आता लोक विचारतात, कुठे थांबलात, कुठे बुकिंग केलंत. उतरलात म्हटलं की डोक्यावरचं ओझं खाली ठेवलेलं दिसतं. मी सांगितलं, बंगाली टोल्यात, हॉस्टेलात. त्यांना ते कळलं नाही. मग मी सगळं वर्णन केलं : एका खोलीत सहा जणी, प्रत्येकीला एक खाट, खाली पेटारा, पेटाऱ्याला आपलं आपलं कुलूप, नळ सगळ्यांचा एक, स्वयंपाकघर सामाईक. आजी मान हलवत ऐकत होत्या. त्यांची मराठी मधेच हिंदी वळणानं जायची. "असंच तर होतं आमच्याकडे," त्या म्हणाल्या. सासऱ्यांच्या वेळेपर्यंत देशावरची माणसं त्यांच्या वाड्यात उतरायची. यात्रेला आलेली कुटुंबं, कधी वीस, कधी चाळीस. खाली चौकात पुरुष, वर माडीवर बायका. ओळीनं वळकट्या. जो तो आपली ट्रंक उशाशी घेऊन निजायचा आणि ट्रंकेची किल्ली जानव्याला नाहीतर मंगळसूत्राला. सासरे वहीत नावं लिहून घ्यायचे, गाव, बरोबर कोण, कुठल्या पिढीतलं. "रात्री सगळ्यांना निजवून मग आम्ही निजायचो. घोरणारे एका बाजूला घालायचे."

मी नकळत गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला होता. आजींनी चावी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत माझ्या पदराआड सारली. मग आतून वाटीभर मलइयो आणवलं. दवात ठेवलेल्या दुधाचा तो केशरी फेस, जिभेवर ठेवला की नाहीसाच होतो, आणि थंडी सरली की तो मिळत नाही. वर जायची वाट त्यांनी सगळ्यांत शेवटी सांगितली.

त्या रात्री मी दीदींना म्हणाले, की तुमची जागा आमच्या आजींनी एका बाजूला घातली असती. त्यांना अर्थ समजावून सांगावा लागला, मग त्या खूप वेळ हसत राहिल्या. गुवाहाटीच्या धाकटीची मुलाखत दुसऱ्या दिवशी होती आणि ती बाथरूमच्या बाहेर जिन्यावर बसून पाठ करत होती, खोलीत दिवा नको म्हणून. मी तिच्या शेजारी बसून रजईचं एक टोक तिच्या पायांवर टाकलं आणि तिला एकेक प्रश्न विचारला. विषय तिचा भूगोल, त्यातलं मला फारसं काही येत नव्हतं. तिच्या वहीतले प्रश्न मी वाचायचे आणि ती उत्तर द्यायची. साडेबारापर्यंत आम्ही तिथे होतो. ती बरोबर सांगतेय की चूक हे मला तिच्या आवाजावरून कळत होतं, ती सवय एकतीस वर्षांची.

निघायच्या दिवशी सकाळी दहाला बेड सोडायचा होता. चादर, उशीचा अभ्रा आणि रजईची खोळ काढून दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकायची, हा नियम मला आता कुणी सांगावा लागला नाही. पेटाऱ्याचं कुलूप काढलं, पेटारा आत-बाहेर हात फिरवून पाहिला. चष्म्याची फळी पाहिली. दीदी आदल्या दिवशीच गयेला निघून गेल्या होत्या, जर्मन मुलगी झोपलेली होती, पडद्याखालून तिचा एक पाय बाहेर आलेला. मी बॅगेची चेन इंच-इंच करून ओढली.

खाली मुलानं रजिस्टर काढलं. माझी ओळ आता चार पानं मागे गेली होती. जाण्याची वेळ लिहून मी सही केली. येण्याच्या कारणाच्या रकान्यातलं 'दर्शन' तसंच राहू दिलं. टॉवेलचे दोनशे रुपये डिपॉझिट त्यानं परत दिले. चौकातल्या बाकावर एक मुलगी पायांशी सॅक धरून बसली होती, डोळे रात्रभराच्या प्रवासानं तांबारलेले. मुलगा तिला म्हणाला, "आपका बेड खाली हो गया है. बस, चादर बदल दूँ." आणि चप्पल काढून जिना चढू लागला.